चिंदरकरांच्या व्हिडिओचा बंदोबस्त

दत्तप्रसाद चिंदरकर यांच्या फोनमध्ये एक खासगी व्हिडिओ होता आणि त्यात ते अंगभर कपड्यांत होते. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे गावात यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

व्हिडिओत ते एकटेच दिसत. स्वतःच्या घरासमोरच्या खळ्यात उभं राहून ते गावातल्या माणसांच्या नकला करत होते. सरपंच अपेक्षाताई बोलायला उभ्या राहिल्या की आधी पदर सारखा करतात, मग नवऱ्याकडे बघतात, आणि नवऱ्याने मान हलवली की 'वेळेअभावी थोडक्यात' म्हणून खाली बसतात. धोंडू गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालताना ज्याच्यासाठी घालतोय त्याचं नाव विसरला, की तेवढ्यापुरता आवाज चढवतो. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष सत्यवान गावडे खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीकडे अशा नजरेने पाहतात, की जणू ती कोणीतरी त्यांच्याविरुद्ध फितवली आहे. सगळं हुबेहूब. मधूनमधून एका बाईचं हसणं ऐकू येतं. ते चिंदरकरांच्या पत्नीचं, सुगंधाबाईंचं. नवऱ्याच्या विनोदाला त्या हसल्याचा संसारातला हा एकमेव पुरावा असल्यामुळे चिंदरकर तो व्हिडिओ पुसून टाकायला तयार नव्हते.

पुसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आपण काहीतरी मोठं करून ठेवलंय अशी ज्याची स्वतःविषयी खात्री पटते, त्याला पुसायला सांगून उपयोग नसतो.

आता हा व्हिडिओ बाहेर जाऊ नये असं त्यांना एकाएकी का वाटू लागलं? तर चिंदरकरांना तंटामुक्त समितीचं अध्यक्ष व्हायचं होतं. बांधकाम खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना खुर्ची नव्हती. घरात खुर्च्या होत्या, पण त्यांच्यासमोर कोणी उभं राहत नसे. गावात भांडणं भरपूर होती. समितीकडे मात्र एकही येत नसे, कारण भांडण ही घरची वस्तू आहे, ती परक्याच्या हातात का द्यायची, असं गावाचं मत होतं. त्यामुळे सत्यवान गावडे वर्षानुवर्षं रिकाम्या टेबलामागे अध्यक्ष म्हणून बसत आणि चिंदरकर समोरून जाताना त्या टेबलाकडे बघत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. मतं गावाची. आणि गावातलं प्रत्येक नामांकित मत त्या व्हिडिओत, चिंदरकरांच्या अंगावर, हातवारे करत उभं होतं.

तशात नांदगावहून एक गजाल कानोकानी आली. तिथल्या कोणा गृहस्थाने फोन दुरुस्तीला दिला आणि त्याचे घरगुती फोटो पार खारेपाटणपर्यंत लोकांनी पाहिले. फोटोंत तो बनियनवर बसून पेज जेवत होता, एवढंच. पण तो आता बाजारात तोंड दाखवत नाही म्हणे. हे ऐकून चिंदरकर भरल्या पानावरून उठले.

त्यांनी पहिला सल्ला शेजारच्या बाबू परबाचा घेतला. बाबू एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता आणि सल्ला देणं ही त्याची तिकीट फाडण्यासारखी सवय होती. समोरचा कुठे जातोय हे विचारायच्या आत तो देऊन मोकळा होई. चिंदरकर निवृत्तीनंतरही ऑफिसची मराठी बोलत. मालवणी ते फक्त भीती वाटली की बोलत.

"समजा, एखाद्या माणसाच्या फोनमध्ये काही महत्त्वाचं असलं आणि ते बाहेर जाऊ नये असं वाटत असलं..."

"म्हंजे तुज्या फोनात."

"एखाद्या माणसाच्या म्हटलं मी."

"व्हय व्हय. त्या माणसाक सांग, फोन पत्र्याच्या पेटयेत घालून कुलूप लाव. रेंजच गावली नाय तर आतला भायर जातला खंयसून?"

या हिशेबाने चिंदरकरांची वाडी ही जगातली सर्वात सुरक्षित जागा होती. तिथे रेंज फक्त रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर मिळे, तीही एका पायावर. पण बाबूच्या सल्ल्यावर चालायचं तर अधीक्षकपद कशाला भूषवलं, असं वाटून चिंदरकर मालवणात सुशांतच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"काका, स्क्रीनला पिन लावा. झालं," सुशांत म्हणाला.

"ते साध्या माणसांना. माझ्याकडे महत्त्वाचे दस्तऐवज आहेत."

साधा उपाय नको असलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबून ओळखू येतं. सुशांतने त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. दिसायला ते कॅल्क्युलेटर. बेरीज-वजाबाकीसुद्धा करायचं. पण ठरलेला आकडा दाबला, की आत तिजोरी उघडायची. चुकीचा आकडा दाबला, तर समोरच्या चोराचा फोटो काढून चिंदरकर ज्याचा नंबर देतील त्या विश्वासू माणसाला पाठवायचं. विश्वासू म्हणून सुगंधाबाईंचा नंबर द्यावा असं चिंदरकरांच्या मनात आलं. पण बाईंनी 'हे काय नवं खूळ' असं विचारलं असतं, म्हणून त्यांनी बाबूचा दिला. गॅलरीतला व्हिडिओ तिजोरीत गेला. बाहेर काही उरलं नाही.

"आकडा असा ठेवा, जो कोणालाच सुचणार नाही," सुशांत म्हणाला.

ही एकच सूचना चिंदरकरांनी तंतोतंत पाळली. सेवापुस्तकाचा क्रमांक उलटा लिहून त्यात बढतीच्या हुकुमाचा क्रमांक मिळवला आणि येईल ती बेरीज दाबली. दोन दिवसांनी मोरीच्या कठड्यावर एका पायावर उभे असताना व्हिडिओ बघायची हुक्की आली, तेव्हा क्रमांक आठवत होते, पण उलटा कोणता केला होता ते आठवेना. त्यांनी एकदा हा उलटा केला, एकदा तो. एकदा दोन्ही. कॅल्क्युलेटर शांतपणे बेरजा दाखवत राहिला.

दुपारी बाबू मोरीवरून सरळ इकडे आला. पायरीवरच थांबला. चेहरा एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर करतात तसा.

"दत्तू, तुज्या घरात चोर शिरलो आसा."

"कुठे?"

"फोनात." बाबूने मेसेज दाखवला: 'सावधान! आपले प्रिय व्यक्ती दत्तप्रसाद यांचे गुप्त चित्रफीत कोणी उघडत आहे.' तोच मेसेज खाली पुन्हा होता, त्याच्या खाली पुन्हा. प्रत्येकासोबत फोटो. "ह्यो बघ चोर. नाकपुडयो दिसतत नुसत्यो. माका तर तुज्यासारखोच दिसता."

"तो मीच आहे."

बाबूने फोटो पाहिला, चिंदरकरांकडे पाहिलं. "मगे तू तुज्याच गुप्त चित्रफितीत चोरी कित्याक करतंस?"

"आकडा विसरलोय!"

"आणि गुप्त म्हंजे कसली रे? काय आसा तेच्यात?"

चिंदरकर म्हणाले, "काही नाही." या जगात 'काही नाही' या उत्तराने आजवर कोणाचं समाधान झालेलं नाही. बाबूचंही झालं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "मी कोणाक सांगूचंय नाय," आणि चिंदरकरांना दरदरून घाम फुटला.

सुशांतला विचारलं, तर ॲप काढलं की आतला व्हिडिओही जातो. आकडा परत मिळवायचा, तर कोण्या परदेशातल्या कंपनीला ई-मेल करावा लागतो आणि ती कंपनी उत्तर देत नाही. म्हणजे व्हिडिओ आता इतका सुरक्षित होता, की मालकालाच मिळत नव्हता. यावर समाधान मानायला हरकत नव्हती. पण ज्या ॲपने फोनबुक, माइक, कॅमेरा आणि राहण्याचं ठिकाण या सगळ्यांची परवानगी मागितली होती आणि चिंदरकरांनी सरकारी सवयीने न वाचता प्रत्येक ठिकाणी 'मंजूर' केलं होतं, ते आत काय करत असेल, या विचाराने त्यांची झोप उडाली. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले.

तिथे नम्रता मॅडम बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तक्रारदारांची रांग होती आणि चेहऱ्यावर ती संपवायची घाई.

"काय लीक झालंय?"

"अजून काही नाही. होऊ नये म्हणून आगाऊ तक्रार द्यायची आहे."

"आगाऊ?"

"प्रतिबंधात्मक म्हणा."

"व्हिडिओत कोण कोण आहे?"

"मी."

"आणि?"

"मीच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एकटेच? काय करताय व्हिडिओत?"

चिंदरकरांनी मॅडमसमोरच्या कागदाकडे पाहिलं. लेखी आलेलं कधी ना कधी नको त्या माणसाच्या हाती पडतं, हे त्यांना बांधकाम खात्याने शिकवलं होतं. 'सरपंचांची नक्कल करत आहे' हे वाक्य सरकारी कागदावर! ते म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. पण कपडे आहेत."

"मी कपड्यांचं विचारलंच नव्हतं, काका."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मॅडमनी फोन हातात घेऊन सांगितलं, की स्क्रीनला लॉक लावा, फोनमध्येच सुरक्षित फोल्डर असतं ते वापरा, मिळेल ते ॲप घेऊ नका, दुसऱ्याच्या हातात उघडा फोन देऊ नका, आणि कोणी धमकी दिली तर घाबरून गप्प बसू नका, सरळ इथे या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लाजू नका. हल्ली तुमच्या वयाचे बरेच जण येतात."

सगळा सल्ला बरोबर होता. चिंदरकरांच्या लक्षात राहिलं ते फक्त शेवटचं वाक्य. कोण 'बरेच जण'? कसल्या कामासाठी? त्यांच्या ओळीत आपल्याला उभं केलं? परतीच्या एसटीत ते मसुऱ्याचा फाटा आला तरी याच विचारात होते, आणि उतरायचं राहून गेलं.

इकडे बाबूने खरोखरच कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त चिंदरकरांच्या आईला सांगितलं, कारण आई ही काही 'कोणी' नव्हे. नर्मदाबाईंना फोन कळत नव्हता, पण आपल्या झिलाचं काहीतरी गुप्त आहे, ते कोणीतरी उघडू पाहतंय आणि झील जेवत नाही, एवढं कळलं. त्या कोणालाही काही बोलल्या नाहीत. नारळ आणि विड्याची पानं पदराखाली घेऊन थेट धोंडू गुरवाकडे गेल्या. गाऱ्हाणं घालायला.

परगावच्या माणसाला सांगायला हवं, की गाऱ्हाणं म्हणजे देवाशी कुजबुज नव्हे. गाऱ्हाणं उघड्यावर, खड्या आवाजात, माणसाचं नाव आणि वाडी घेऊन घालतात, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. गोष्ट झाकून ठेवायची असेल तर तिच्यासाठी जगात याहून वाईट जागा नाही. पण देवाला मोघम सांगून कसं चालेल? त्याच्याकडे पंचक्रोशीचं काम. त्याने भलत्याच दत्तप्रसादाचं भलतंच काही राखलं तर?

श्रावणातला सोमवार. देऊळ भरलेलं. मुंबईच्या चाकरमान्यांना घरबसल्या दर्शन व्हावं म्हणून मंडळाने सगळा सोहळा फोनवरून लाइव्ह दाखवायची सोय केली होती. ग्रामसभा तोंडावर आल्यामुळे चिंदरकर पांढरीशुभ्र टोपी घालून पहिल्या रांगेत, माइकच्या आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर, हात जोडून उभे होते. सत्यवान गावडे त्यांच्या शेजारी. पावसाचं, शेतीचं, गुराढोरांचं गाऱ्हाणं झालं. मग धोंडूने नवा नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हो तुजो लेकरू, वरच्या वाडयेतलो, चिंदरकरांच्या घरातलो..." इथे धोंडू अडकला आणि आवाज चढला, "ह्यो तुजो लेकरूऽऽ, नर्मदेचो झील, दत्तप्रसाद! ह्येच्या फोनात एक गुप्त फिल्म आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना समजलं.

"ती चारचौघांत दाखवण्यासारखी नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाज दुप्पट होता. बायकासुद्धा म्हणाल्या.

"ती कोणी चोरून उघडूक बघता, तेका थंयच आडव! तिची वाट बंद कर! आणि गावात, पंचक्रोशीत, मुंबयक, ज्या कोणाच्या फोनात ती पोचली असात, थंयसून ती माघारी फिरव, आणि तुज्या लेकराची अब्रू राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेजारी सत्यवान गावडे डोळे मिटून, अत्यंत भक्तिभावाने, सगळ्यांच्या नंतर एकट्याने पुन्हा म्हणाले, "व्हय म्हाराजा."

चिंदरकरांनी मागे वळून आईकडे पाहिलं. नर्मदाबाईंच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं. देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत मुंबईहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, लाइव्ह बघितला. तुम्ही? ह्या वयात?"

त्यानंतर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. ज्याने आयुष्यात फोनची सेटिंग उघडली नव्हती तोही चिंदरकरांना थांबवून, खांद्यावर हात ठेवून, समजूतदारपणे बोलू लागला. एकाने जपमाळ सुचवली, एकाने पोहणं. पाणवठ्यावरून येणाऱ्या बायका त्यांना पाहून रस्त्याची दुसरी कड धरत आणि पुढे गेल्यावर फिदीफिदी हसत. सत्यवान भेटले तेव्हा म्हणाले, "माका काय त्रास नाय, दत्तप्रसाद. माणूस म्हटलो की चलताच. पण अध्यक्षाकडे आयाबाया तक्रार घेवन येतत. तेंका भय वाटाक नको." त्यांच्याकडे एकही आई किंवा बाई कधी तक्रार घेऊन आली नव्हती, हे सांगायची ती वेळ नव्हती.

सुगंधाबाई मात्र शांत होत्या. त्यांना व्हिडिओत काय आहे ते माहीत होतं आणि लोकांना काय वाटतंय ते अजून कोणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं. "पावसाळ्यात लोकांक काम नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामसभा भरली. एरवी माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होई. त्या दिवशी खिडकीतही जागा नव्हती. अध्यक्षपदाचा विषय निघताच सत्यवान उभे राहिले. आपण स्वतः खुर्चीला चिकटलेले नाही, पण अध्यक्षाचं चारित्र्य स्वच्छ असावं, आणि ते स्वच्छ असेल तर दत्तप्रसादांनी तो व्हिडिओ सभेपुढे ठेवावा, म्हणजे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही, असं बोलून ते बसले.

"दाखवा, दाखवा!" मागून ओरडा झाला. नैतिकतेची इतकी कळकळ त्या सभागृहाने पूर्वी पाहिली नव्हती.

"तो उघडत नाही," चिंदरकर म्हणाले. खरं होतं. सभागृह हसलं.

चिंदरकर उभेच राहिले आणि त्यांनी अधीक्षकाच्या थंड डोक्याने प्रकरणाचा विचार केला. दोन प्रकारची बदनामी समोर होती. चावटपणाबद्दल या गावाने आजवर कोणाला कायमचं टाकलेलं नव्हतं. उलट तसल्या एका भानगडीनंतर एक गृहस्थ दोनदा पंच म्हणून निवडून आले होते. पण नक्कल? लग्नाच्या मांडवात कोणीतरी चुलत्याच्या शिंकेची नक्कल केली, म्हणून गावात एका घराचे दोन भाग झाले होते आणि मधली भिंत अजून उभी होती. चिंदरकरांनी निवड केली. घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत म्हणाले:

"सभेने मला माफ करावं. त्या व्हिडिओत जे आहे, तो माझा आणि माझ्या धर्मपत्नीचा खासगी विषय आहे. पती-पत्नीमधली काही गोष्ट त्यांच्यातच राहू द्यावी, एवढी सभ्यता या गावात नक्कीच आहे."

मग पुरुषांच्या बाजूला काहीतरी बदललं. निवृत्त, टक्कल पडलेला, सांधेदुखीचं तेल लावणारा हा माणूस, आणि याच्याकडे धर्मपत्नीसोबतचा व्हिडिओ! नजरांत आदर दिसू लागला. "बरोबर आसा, नवरा-बायलेत आपण कित्याक पडायचा?" कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हात वर केला. मग आणखी एकाने. बाबू परबाने तर दोन्ही केले. सत्यवान हात मोजताना अस्वस्थ झाले. चिंदरकरांना खुर्ची दिसू लागली.

बायकांच्या बाजूला सुगंधाबाई उभ्या राहिल्या.

"काय म्हणालात?"

"बस गो, मगे सांगतंय," चिंदरकर म्हणाले. भीती वाटली होती.

"मी बसान? साऱ्या गावाम्होरं माजी अब्रू टांगून मी बसान? सगळी माज्याकडे बघतत! काय केलंय मी त्या व्हिडिओत? हसलंय! तुमच्या मर्कटचेष्टांक हसलंय, ह्योच माजो गुन्हो!" त्यांनी कनवटीच्या पिशवीतून आपला फोन काढला. "ह्येच्यातच काढललो तो. तुमका मीच धाडललंय. तुमी कुलपां लावीत फिरतास, माका एकदा विचारलात?"

चिंदरकर खाली बसले. सगळ्या तिजोऱ्या, आकडे, पोलीस आणि देव यांचा बंदोबस्त त्यांनी केला होता, आणि मूळ व्हिडिओ घरातच, पिठाच्या डब्याशेजारी पडणाऱ्या फोनमध्ये, कसलंही लॉक नसताना सुखरूप होता.

ग्रामसेवकाला शासकीय योजनांची चित्रफीत भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावायला आजवर कधी जमलं नव्हतं. सुगंधाबाईंचा फोन त्याने तत्काळ जोडला.

टीव्हीवर पहिल्यांदा अपेक्षाताई आल्या. सभागृह फुटलं. धोंडू गुरव तर गुडघ्यावर थापा मारत होता. अपेक्षाताई पदर सारखा करून नवऱ्याकडे बघायला लागल्या, आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दाराकडे बघायला लागल्या. मग धोंडू आला. अपेक्षाताईंचा नवरा डोळे पुसत हसला, आणि धोंडूच्या थापा थांबल्या. "असो मी खंय बोंबलतंय?" तो बोंबलला. असं एकेक होत गेलं. प्रत्येक माणूस स्वतःची पाळी येईपर्यंत हसत होता, आणि आली की त्याच्या लक्षात येई, की हा प्रकार नीच आहे. नर्मदाबाई टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "ही म्हातारी कोण गो? कटकटी दिसता."

"तुमीच त्या," सुगंधाबाई म्हणाल्या.

सत्यवान गावडे सगळ्यात जास्त हसले, कारण ते शेवटी होते. हसून हसून उभे राहिलेले ते बसायला वळले आणि सवयीने त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. त्याच क्षणी टीव्हीवर चिंदरकरांनीही पाहिलं. सभागृहाने दोघांनाही पाहिलं. त्या हशाने भिंतीवरचा महापुरुषांचा एक फोटो तिरका झाला.

मग मतदान झालं. सत्यवान गावडे यांच्यासाठी सगळे हात वर गेले. त्यात एक सुगंधाबाईंचाही होता.

आणि तंटामुक्त समितीला अखेर तंटे मिळाले. सगळे चिंदरकरांविरुद्ध. सत्यवानांच्या रिकाम्या टेबलापुढे माणसं उभी राहू लागली, आणि त्यांना दुपारची झोप सोडून ऐकून घ्यावं लागलं. चिंदरकर प्रत्येकासमोर उभे राहिले, प्रत्येकाची माफी मागितली. अपेक्षाताई चहावर मिटल्या. धोंडू एका नारळावर. सत्यवानांनी स्वतःची तक्रार स्वतःपुढे मांडली आणि मोठ्या मनाने मिटवली. चिंदरकरांनी हे सगळं मान ताठ ठेवून सोसलं. माणसं रागावली होती म्हणजे नकला बरोबर उतरल्या होत्या. अपमानाच्या तळाशी एवढा एक घोट गोड होता.

शेवटी बाबू परब उभा राहिला.

"तुजी कसली तक्रार?" सत्यवान वैतागून म्हणाले. "तू खंय हुतंस त्या व्हिडिओत?"

"तीच तक्रार आसा," बाबू म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता. "सगळी हुती. गुरव हुतो. ह्येची म्हातारी आवस हुती. मी भितीक भित लावन रवतंय, रोज ह्येच्या खळ्यात चाय पितंय. माज्यात बघण्यासारखा काय नाय? माका कित्याक वगळल्यान?"

समितीपुढे असा मुद्दा पूर्वी आला नव्हता. चिंदरकर खाली बघू लागले. बाबूला वगळला नव्हता. बाबू त्यांना जमतच नव्हता. कित्येक वेळा करून पाहिला होता. हात जुळे, तर मान जुळत नसे, आणि सुगंधाबाई तोंड उघडं ठेवून 'ह्यो कोण?' विचारत. पण हे समितीपुढे कबूल करायचं?

सत्यवानांनी सहकाऱ्यांशी कुजबुज करून निकाल दिला: प्रतिवादीने वादीची नक्कल इथेच, आत्ताच करावी आणि तंटा मिटवावा.

चिंदरकर पुढे आले. त्यांनी खांदे पाडले, काखेत पिशवी नसताना पिशवी धरली, हनुवटी पुढे काढली आणि बाबूसारखा एक सल्ला दिला. कोणी हसलं नाही. त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली आणि पुन्हा दिला. अपेक्षाताईंचा नवरा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्यो आपलो तलाठी काय रे?"

बाबूने सगळं लक्ष देऊन पाहिलं. त्याचा राग पार गेला. त्याच्या डोळ्यांत आता चिंदरकरांविषयी निव्वळ दया होती.

"ऱ्हवांदे दत्तू," तो मायेने म्हणाला. "तुका नाय जमूचा ता. मी तक्रार मागे घेतंय."

"नाही!" चिंदरकर ओरडले. अध्यक्षपद गेलं, अब्रू गेली, बायकोचं मत गेलं, तेव्हा ते ओरडले नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. समितीच्या खुर्चीवर बसायची ज्यांची इच्छा होती, ते दत्तप्रसाद चिंदरकर त्या खुर्चीपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हाराजा, तक्रार मिटवू नका. माका वायच सरावाक पुढची तारीख देवा."